आबांचा हात काढताना

पेन टॅब्लेट घरात आला त्या दिवशी मला साधा गोल काढता आला नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावर खडूनं काढलेला माझा गोल बांगडी ठेवून गिरवल्यासारखा येतो, वर्गातली मुलं त्यावर टाळ्या वाजवतात. इथे मात्र दर वेळी बटाटाच उमटत होता.

टॅब्लेट म्हणजे एक काळी सपाट पाटी. ती वायरनं लॅपटॉपला जोडायची. पेन पाटीवर फिरतं आणि रेघ समोर लॅपटॉपवर उमटते. म्हणजे हात खाली, नजर वर. चाळीस वर्षं हात आणि डोळे एकाच जागी काम करत आले होते, आता त्यांची ताटातूट झाली होती. ज्या बाईचा व्हिडिओ बघून मी हे खूळ डोक्यात घेतलं होतं, ती अर्ध्या तासात चिमणी रंगवून 'बस, हो गया' म्हणायची. माझी पहिली चिमणी तीन आठवडे चालली आणि शेवटी ती बेडकासारखी दिसायला लागली म्हणून मी पुसून टाकली.

नवरा सुरतेबाहेर चलथाणला नोकरीला आहे. संध्याकाळी आला की माझ्या खांद्यावरून डोकवायचा आणि म्हणायचा, "येईल गं हळूहळू." तेव्हापासून 'हळूहळू' हा शब्द माझ्या डोक्यात जातो.

मला काढायचं काय, हे मात्र पक्कं होतं. मला आबांना काढायचं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, आमच्याच घरी राहतात, सुरतेत गोडादऱ्याला. नंदुरबारकडून ते तरुणपणी सुरतेत आले आणि भेस्तानच्या एका साडी छापणाऱ्या मिलमध्ये ट्रेसर म्हणून लागले. तेव्हा डिझाइन हातानं उतरवावं लागायचं. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वर पारदर्शक फिल्म आणि आबांच्या हातात दोन-चार केसांचा ब्रश. काळ्या रंगानं ते त्या फिल्मवर फुलं, पानं, कोयऱ्या गिरवायचे. एकदा सुट्टीत ते मला तिथे घेऊन गेले होते. दाराशी कापडाचं गाठोडं होतं, त्यावर मला बसवलं आणि सांगितलं, कशालाही हात लावायचा नाही. मी दिवसभर त्यांचा हात बघत बसले. खालून येणारा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. घरी आल्यावर मी त्यांचा जुना ब्रश मागितला. "रेघ खराब होईल," म्हणाले आणि ब्रश कपाटावर ठेवून दिला. कुणाची रेघ, माझी की ब्रशची, ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढे मिलमध्ये कॉम्प्युटर आले. ट्रेसर लोकांची टेबलं एकेक करून हलवली गेली. आबांना कामावरून काढलं नाही, फोल्डिंग खात्यात बसवलं. ज्या साड्यांची फुलं त्यांनी काढली असती त्या साड्यांच्या घड्या घालत ते निवृत्त झाले. याबद्दल ते घरात कधी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त कॉम्प्युटर दिसला की तोंड फिरवायचे. त्यांचा मोबाइलही अजून बटणांचाच आहे.

म्हणून मी काय काढतेय ते त्यांना सांगितलंच नाही.

सगळं डोक्यातूनच काढायचं होतं. मिलमधल्या आबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्यात आमच्या घरामागे यंत्रमागांचं शेड आहे. माग सुरू झाले की भिंत, भिंतीला लावलेलं टेबल, टेबलावरचं सगळंच बारीक थरथरतं. इतकी वर्षं ते जाणवलंही नव्हतं, आता प्रत्येक रेघेत दिसायला लागलं. मी चित्रातला एक डोळा स्क्रीनवर मोठा करून करून दोन तास पापण्या काढत बसायची. मग चित्र लहान करून पूर्ण बघितलं की आबांच्या चेहऱ्यावर माशी बसल्यासारखं दिसायचं. काचेचा पांढरा उजेड पसरवायला जावं तर बोटं पांढरी व्हायची. बोटं पुसावीत तर काच पुसली जायची. व्हिडिओवाली बाई सारखी म्हणायची, नया लेयर लो, नया लेयर लो. मी नवा लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, घ्यायची, पण रंग भलत्याच थरावर लागायचा, मग वैतागून मी परत सगळं एकावरच काढायला लागायची.

एका दुपारी शर्ट अखेर जमला. तीन रविवार मी त्या पांढऱ्या शर्टाच्या चुण्यांवर घालवले होते. चहा ठेवायला उठले, परत आले तर लॅपटॉप स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. फाइल उघडली. शर्ट गेला होता; सेव्ह करायचं मी दर वेळी विसरले होते, लॅपटॉप नुसता मिटून ठेवायची. जुनं, बिनशर्टाचं चित्र शिल्लक होतं.

मी पेन फेकलं. ते घरंगळत दिवाणाखाली गेलं. मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले. चाळिशीच्या बाईनं शर्टासाठी रडावं याची लाजही वाटत होती आणि रडू थांबतही नव्हतं.

आबा बाहेरच्या खोलीतून आले. घरात ते अहिराणीच बोलतात.

"काय व्हयनं?"

त्यांची नजर स्क्रीनवर गेली. काचेचं टेबल, खालून उजेड, वाकलेला माणूस.

"हाई कोन शे?"

"तुम्ही."

मला वाटलं, आता तोंड फिरवून जातील. पण ते आणखी पुढे झाले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आसा बुरूस धरस का कोनी?"

चित्रातला हात चुकला होता आणि चुकलेला हात आबांना सहन झाला नाही. त्यांनी माझं वह्या तपासायचं लाल पेन उचललं आणि धरून दाखवलं. अंगठा ब्रशला दाबत नाही, नुसता टेकतो. सगळा भार करंगळीवर, करंगळी काचेवर. मी दिवाणाखालून पेन काढलं, नाक पुसलं आणि चित्रातला हात पुसायला घेतला. हाताबरोबर खालच्या फिल्मवरचं फूलही पुसलं गेलं.

"फूल काब्र गये?" आबांनी विचारलं.

फूल का गेलं ते मी सांगितलं. सगळं एकाच थरावर आहे, एक पुसलं की दुसरंही पुसलं जातं.

"येडी शे का तू?" आबा खरोखर चिडले. मग त्यांनी मला समजावलं. सात रंगांची साडी असेल तर सात फिल्म. लालची फिल्म वेगळी, हिरव्याची वेगळी, काळी कड सगळ्यात शेवटी. एकीवर चूक झाली तर बाकीच्या सहांना धक्का लागत नाही. चारही कोपऱ्यांत खुणा करायच्या, म्हणजे फिल्म एकमेकींवर बरोबर बसतात. हे सांगताना ते हवेत एकावर एक अदृश्य कागद ठेवत होते. सहा महिने व्हिडिओ बघून मला जे उमगलं नव्हतं ते पाच मिनिटांत उमगलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण सहा महिने हा माणूस शेजारच्या खोलीत टीव्ही बघत बसला होता, याचा संतापही तेवढाच आला.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसायला लागले. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला मी असं शिकवणार नाही. त्या अंगठ्यासाठी त्यांनी मला किती वेळा पुसायला लावलं, ते मी मोजणं सोडून दिलं. "खोटा शे," एवढंच म्हणायचे. कुठे खोटा, विचारलं तर, "दखास नही का तुले?" दिसत नाही का तुला. नाही दिसत, आबा, दिसत असतं तर काढला नसता का!

शेवटी एक दिवस मी पेनच त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, तुम्हीच काढा."

दोन वर्षांपासून आबांचा हात थरथरतो. चहा आम्ही त्यांना अर्धा कपच देतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी मी रागात होते. आबांनी पेन घेतलं, करंगळी पाटीवर टेकवली आणि पानाची कड काढायला सुरुवात केली. स्क्रीनवर रेघ करवतीच्या दातांसारखी गेली.

"टेबल हलतंय आबा," मी घाईनं म्हणाले. "मागांमुळे."

"आज माग बंद शेत," ते म्हणाले.

खरंच, त्या दिवशी शेडला सुट्टी होती. घर अगदी शांत होतं.

मग मी जे केलं ते चांगल्या मनानं केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. त्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ आपोआप गुळगुळीत करायची सोय आहे. काही न बोलता मी ती पूर्ण वाढवली आणि म्हटलं, "आता काढून बघा."

त्यांनी काढली. पानाची कड एका दमात, लांबसडक, मधे जाड आणि टोकाला बारीक होत गेली. आबा स्क्रीनकडे बघत राहिले. दुसरं पान काढलं. तिसरं. त्यांचे ओठ किंचित उघडे होते, जुन्या काळी मान खाली घालून काम करताना असायचे तसे. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांनी मुद्दाम हात जोरजोरात हलवत एक वाकडीतिकडी रेघ ओढली. स्क्रीनवर ती मऊ लाटेसारखी उमटली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हाई मन्ही रेघ नही," म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतर पंधरा दिवस ते त्या खोलीत आले नाहीत. जेवायला बसले तरी माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मीही आधी हट्टानं गप्प राहिले. मी काय गुन्हा केला होता? थरथर लपवली, एवढंच ना? शेवटी एका सकाळी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवताना मी म्हणाले, "आबा, न विचारता करायला नको होतं मी."

त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. "मिलमा बी कोनी इचारं नही," म्हणाले.

इतक्या वर्षांत त्या विषयावर त्यांनी काढलेलं ते पहिलं वाक्य. शाळेची वेळ झाली होती, मी पर्स उचलून निघाले आणि रिक्षात बसल्यावर मला रडू आलं.

चित्र मग मी एकटीनंच पूर्ण केलं. अंगठा कसाबसा बसवला. छापून आणून आबांना द्यायचं ठरवलं आणि प्रिंटच्या दुकानात गेले. दुकानदारानं कागद हातात ठेवला तेव्हा मला ओळखूच आलं नाही. आबांचा तांबूस सावळा रंग जांभळट झाला होता, उजेड मळका झाला होता. माझ्या स्क्रीनवर असं नाहीये, म्हणून मी वाद घालायला लागले.

"बेन, स्क्रीन पर देखाय एवुं पेपर पर ना आवे," तो शांतपणे गुजरातीत म्हणाला, स्क्रीनवर दिसतं तसं कागदावर येत नाही. हे वाक्य त्यानं दिवसातून वीस वेळा म्हटलं असणार.

घरी येऊन मी तो कागद पलंगावर टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला घेतल्या, चांगल्या आपटून. थोड्या वेळानं बघते तर आबा कागद घेऊन गॅलरीत उभे होते. उन्हात धरून, तिरपा करून बघत होते.

"आधी चिंधीवर छापून पाहिलं होतंस का?" त्यांनी त्यांच्या भाषेत विचारलं. मिलमध्ये आधी चिंधीवर छापून बघायचे, रंग किती उतरतो ते ठरवायचे आणि मग त्या हिशेबानं मूळ रंग चढा ठेवायचे. एवढं साधं मला कसं सुचलं नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं.

मग त्यांनी माझं लाल पेन मागितलं आणि टेबलाशी बसून त्या चित्रावर खुणा करायला लागले. हात थरथरत होता, त्यामुळे गोल काही गोल येत नव्हते. अंगठ्यावर एक. कोपरावर एक. कान, कॉलर, काचेची कड, बसायचं स्टूल. मी भाकरी तव्यावर ठेवून येऊन बघते तर चित्राला गोवर आल्यासारखं झालं होतं.

"आबा, एवढं केलंय मी. एक तरी गोष्ट बरी सांगा त्यातली!" मी ओरडलेच. नवरा आतल्या खोलीतून डोकावून परत आत गेला.

आबांनी पेन थांबवलं. चित्र लांब धरलं, जवळ धरलं. मी पिठाचे हात घेऊन उभी होते आणि मागे भाकरी करपल्याचा वास यायला लागला होता.

"टूबलाइटना उजेड बरा शे," ते म्हणाले.

एवढंच. ट्यूबलाइटचा उजेड बरा आहे. वर्षभरात मिळालेलं हे पहिलं कौतुक.

आता तो लाल खुणांचा कागद लॅपटॉपमागच्या भिंतीला चिकटवलेला आहे. कॉलर झाली, कान झाला, कोपर दोनदा करून बिघडला. आबा परत खुर्ची घेऊन बसतात, पण पेनला हात लावत नाहीत. मी दिलं तरी नाही. ते बोटानं स्क्रीनवर दाखवतात, मी काढते, ते मान हलवतात, मी पुसते. माझी पाठ धरते, त्यांचे डोळे दुखतात आणि दोघांनाही सांगायला लाज वाटते. परवा स्टूल काढायला घेतलं. आबा म्हणतात, त्याला तीन पाय होते. मला चार आठवतात, अगदी स्वच्छ आठवतात.

"तू बठेल व्हतीस का त्यावर?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हात लावू दिला असता तर बसले असते," मी म्हणाले.

तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. स्टूल अजून अर्धंच आहे.