दादांच्या वाढदिवसाची वेबसाइट

शिरूर कासारच्या बसस्थानकासमोर अभिमन्यूचं फ्लेक्सचं दुकान आहे. लग्न, निवडणूक, दशक्रिया, सगळ्यांचे फलक तो छापतो. तालुक्यातल्या संस्थांच्या वेबसाइटही बनवतो. त्याच्या लेखी दोन्ही कामं सारखीच: फोटो मोठा, नाव ठळक, गिऱ्हाईक खूष.

ऑगस्टमध्ये एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह ऊर्फ दादा यांचा वाढदिवस होता. कार्यकर्त्यांना संस्थेच्या वेबसाइटवर दादांच्या व्हिडिओसकट नवं पान हवं होतं. जुन्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेत, ते मावेना, म्हणून अभिमन्यूने संस्थेचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, दुसऱ्या कंपनीकडे वळवलं. डोमेनच्या जुन्या नोंदींपैकी एक वेबसाइटचा पत्ता सांगायची. दुसरी, येणारे मेल कुठल्या सर्व्हरवर टाकायचे ते. पहिली त्याने नव्या जागी भरली. दुसरी राहिली. दादा झळकले आणि संस्थेला येणारा प्रत्येक मेल परत जाऊ लागला.

कुणाला पत्ता लागला नाही. इथून मेल जात होते, आणि एरवी सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर.

मेलवर भिस्त होती ती सायलीची. हनुमान आणि मनकर्णा या ऊसतोड कामगारांची ही मुलगी संस्थेच्या वसतिगृहात राहून बारावी झाली. पुण्याच्या नर्सिंग अभ्यासक्रमाला तिने अर्ज केला होता, राहणं-खाणं फुकट. घरात फोन एकच, तो आईबाप तोडीवर नेतात आणि नंबर हंगामागणिक बदलतो. म्हणून वसतिगृहातल्या मुली अर्जावर संस्थेचाच मेल लिहितात. बापाने सांगून ठेवलं होतं: दसऱ्यापर्यंत बोलावणं आलं तर पुणे, नाही तर लग्न. तोडीला जोडपं लागतं. मुकादमाच्या पुतण्याचं स्थळ तयार होतं.

सायली वसतिगृहाच्या कारकून मंजुषाबाईंना विचारायची. त्या मेल उघडून दाखवायच्या. नवीन काही नसायचं.

दसरा गेला, लग्न झालं. त्यानंतर मंजुषाबाईंनी दुसऱ्याच कामासाठी पुण्याच्या त्या कॉलेजला फोन केला, तेव्हा तिथल्या माणसाने ऐकवलं, "तुमच्या सायलीची निवड झाली होती. दोनदा मेल केला, दोन्ही परत आले. जागा पुढच्या मुलीला दिली."

त्या थेट दुकानात आल्या.

"माझी साइट चालू हाय की, मॅडम. बघा, दादा दिसायलेत."

"दादा दिसायलेत, पण मेल कावून येईना?"

अभिमन्यूने नोंदी उघडल्या. मेलची ओळ नव्हतीच. ती भरायला चहा येईस्तोवरचा वेळ लागला. मग त्याने अध्यक्षांना फोन लावला. त्यांनी पुण्यात शब्द टाकला तर काही होईल, या आशेने.

"मेलबिल काय लावलंय बे? वाढदिवसाचं पान काढून टाकलं न्हाई ना?"

"न्हाई, दादा."

"मग झालं."

पुण्याच्या कॉलेजला त्याने स्वतः विचारलं. प्रवेश बंद झाले होते. पुढच्या वर्षी अर्ज करा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर सायलीच्या सासरी गेला. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, ताडपत्री भरून झाली होती. सायली पोत्यांवर बसली होती. तिची आई मनकर्णा तोडीच्या त्याच टोळीत होती. अभिमन्यूने मेल परत गेल्याचं सांगितलं, तशी खाली उभी असलेली ती म्हणाली,

"आता सांगून काय करता, भाऊ? येळेला मेल आला असता तर आमी अडवलं असतं का?"

सायलीने एवढंच विचारलं, "निवड झालती का माझी?"

"झालती. चूक माझ्याकडून झाली. पुढच्या साली परत अर्ज भरता येतो, मी भरतो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताडपत्रीची दोरी आवळत होता.

"पुढच्या सालाची उचल पन घेतलीय आमी मुकादमाकडनं," दोरीची गाठ मारत तो म्हणाला. "सरका, भाऊ. टोळी निघाली."

अभिमन्यूने मोटारसायकल रस्त्यातून बाजूला घेतली.