धक्क्यावरचा शेवटचा दोर

गेल्या वर्षी आमच्या नाटे गावात वादळाची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला तशी बायका-पोरं खिदळत शाळेकडे निघाली. मी जेटीवरून खेकसलो, "हसताय कसले, धावा!" बायको म्हणाली, "अहो, खोटं आहे ते. लोक बघतायत." तिला काय सांगू, कपाळ?

मी मालवाहू जहाजावर सारंग होतो, म्हणजे डेकवरचे खलाशी आणि दोर माझ्या ताब्यात. पूर्वेकडच्या एका बेटावर आमच्या फेऱ्या असायच्या. बंदराच्या डोक्यावरच ज्वालामुखी. तिथली तयारी बघून मी चाट पडायचो. प्रत्येक दारामागे पिशवी भरलेली, कागदपत्रं, पाणी, राखेसाठी नाकाला बांधायचं फडकं. पहिल्या भोंग्याला घर सोडायचं, दुसऱ्याला ट्रकमध्ये चढायचं, तिसऱ्याला ट्रक सुटणार. मग कुणासाठी थांबायचं नाही.

अशाच एका फेरीत, भर दुपारी डोंगर फुटला. राख पडायला लागली. दुसरा भोंगा झाला तरी आमचा एक दोर धक्क्यावरच्या खुंट्याला ताणून बसलेला. तो काढायला एकच माणूस मागे राहिला होता, दर खेपेला मला हात करायचा तोच. कप्तान रेडिओवर ओरडत होता, "काप तो दोर!" कुऱ्हाड माझ्या पायाशी होती. पण मी मासेमाराचा पोर. आमच्याकडे दोर सोडवतात, कापत नाहीत. लहानपणी एकदा कापला तर बापाने पाठ सोलली होती. काय मेली सवय! मी त्याला खुणेने सांगितलं, थांब, सैल करतो. तो बिचारा थांबला. दोर निघाला तेव्हा तिसरा भोंगा वाजत होता. तो ट्रककडे पळाला आणि राखेत दिसेनासा झाला.

बंदर पुन्हा उघडल्यावर आम्ही गेलो, तर दोर घ्यायला दुसराच माणूस. मोडक्यातोडक्या इंग्रजीत चौकशी केली. तो आधीच्या माणसाचा धाकटा भाऊ निघाला. त्या दिवशी ट्रकमध्ये होता. मागून धावत येणारा भाऊ त्याला दिसला होता, पण ट्रक नियमाप्रमाणे निघाला आणि यानेही थांबवला नाही. भाऊ राखेतच गेला.

मी खाली बसून खुंट्यावरचा दोर उगाच चाचपायला लागलो. त्याला वाटलं, मला दुःख झालंय. माझ्या खांद्यावर हात ठेवून तोच मला समजावायला लागला, "तुमचा काय दोष? जहाजावर कापायला काही नसेल. असतं तर तुम्ही दोर कापलाच असता."

मी म्हटलं, "हो."