तीच जागा, तीच मुलगी

नगरपालिकेत अनुदानाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे 'पाठपुरावा' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. टाकी, रस्ता, शाळेची खोली यांसाठी सरकारी अनुदान मंजूर करून घ्यायचं, हप्ते सोडवायचे आणि काम खरंच झालं हे वरच्या कार्यालयाला पटवून द्यायचं, हे सगळं त्यांच्याकडे. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या. फोनवर त्यांचा आवाज आला की वरच्या कार्यालयातली माणसं चहाला उठत. बाई फोन तसाच कानाला लावून त्यांचा चहा संपायची वाट बघत.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी एका कंत्राटदारानं त्यांना चांगलंच गंडवलं होतं. त्यानं दुसऱ्याच गावच्या टाकीचा फोटो जोडला, बाईंनी डोळे झाकून सही केली आणि चौकशीत बोलणी खाल्ली. तेव्हापासून त्यांचा नेम ठरला. प्रत्येक कामाचे तीन फोटो काढायचे: सुरू होण्याआधी, निम्मं झाल्यावर आणि पुरं झाल्यावर. तिन्ही एकाच जागेवरून, आणि तिन्हींत गावातलं तेच माणूस, तसंच उभं. वरच्या कार्यालयानं आधी थट्टा केली आणि मग हीच पद्धत सगळ्यांना सक्तीची केली. ती एक दिवस आपल्याच अंगाशी येईल हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं.

ओढ्यापलीकडच्या वस्तीसाठी पादचारी पूल बांधायचा होता. दोन खांब उभे राहिले होते, वरचा भाग बाकी होता. त्यासाठीचा दुसरा हप्ता मागितला आणि वर्षअखेरीला चार दिवस उरले असताना फाईल परत आली. वर शेरा होता: 'पहिल्या व दुसऱ्या छायाचित्रातील व्यक्ती वेगळी दिसते. सबब हप्ता देता येत नाही.' चार दिवसांत शंका मिटली नाही तर पैसे परत जाणार होते आणि खांब तसेच बोडके राहणार होते.

गुडघा दुखत होता म्हणून दुसरा फोटो काढायला बाईंनी नव्या इंजिनिअरला पाठवलं होतं. त्याला त्यांनी टेबलासमोर उभं केलं.

"कुणाला उभं केलंस रे?"

"त्याच मुलीला, बाई! आईची शपथ. नाव विचारून, घर शोधून उभं केलं."

बाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पहिल्यात एवढीशी पोर, खांद्यावर दप्तर, दोन्ही चपला हातात. दुसऱ्यात बाईंच्या उंचीची एक मुलगी, कपाळाला आठ्या. इंजिनिअर म्हणाला, "तिचा अंगठा घेऊन शपथपत्र जोडू." बाईंनी पर्स उचलली. घरी फोन करून नवऱ्याला सांगितलं, "जेवून घ्या, मला उशीर होईल."

"गुडघ्याचं काय?" त्यानं विचारलं.

"तोही येतोय माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या.

मुलगी दारातच शिलाई मशीनवर बसली होती. हनुवटीखाली जुन्या टाक्याची खूण होती. बाईंना पाहून तिनं पाय थांबवला नाही.

"मीच ती. तुम्ही मला चपला हातात धरायला लावल्या होत्या. म्हणालात, रोज जशी जातेस तशीच उभी राहा."

"शाळेतून लवकर आलीस?"

"शाळा ओढ्याच्या पलीकडे आहे. पाणी असलं की चार-चार महिने जाता येत नाही. सातवीनंतर नाव काढलं. दोन वर्षं झाली."

बाई उंबऱ्यावरच बसल्या. पहिला फोटो काढला तेव्हा पोर नऊ वर्षांची होती, आता पंधराची. सहा वर्षं फाईल वर-खाली हिंडत होती. त्यांतले एक्केचाळीस दिवस ती बाईंच्याच कपाटात होती, नकाशावर एक शिक्का कमी होता म्हणून. तेव्हा बाई 'नियम म्हणजे नियम' असं मोठ्या ठसक्यात म्हणाल्या होत्या. आज त्यांना स्वतःची लाज वाटली.

"उद्या माझ्याबरोबर वरच्या कार्यालयात चल."

"मी नाही येणार. दोनदा उभी राहिले. पूल कुठाय?"

"शब्द देत नाही मी. तेवढा अधिकार माझ्या टेबलाला नाही. पण फोटो पटत नसेल तर माणूसच नेऊन उभं करीन. हप्ता सुटेपर्यंत तिथून हलणार नाही."

मुलीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. आत तिची आई म्हणाली, "जा गं. बाई एवढ्या लंगडत आल्यात."

दुसऱ्या दिवशी छाननीच्या साहेबांनी चष्मा वर केला, मुलीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. बाईंनी शाळेचा दाखला पुढे केला आणि दोन्ही फोटोंत दिसणारी हनुवटीची खूण दाखवली.

"अहो बाई, पण फोटोत ही एवढीशी आहे!"

"मग तसं लिहून देते."

तिथंच खुर्ची ओढून बाईंनी लिहिलं: 'दोन्ही छायाचित्रांतील मुलगी एकच आहे. पहिल्यात ती नऊ वर्षांची, दुसऱ्यात पंधरा वर्षांची आहे. मधली सहा वर्षे फाईल आपल्या दोन्ही कार्यालयांत होती. त्यांपैकी एक्केचाळीस दिवस माझ्या कपाटात होती.' खाली ठळक सही केली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "शेवटची दोन वाक्यं काढा ना. उगाच आपल्या दोघांच्या अंगावर."

"खरी आहेत."

"अडचणीत याल."

"आले तर आले. मी बसलेय इथं."

बाई बसल्याच. साहेब चहाला गेले, परत आले, बाई तिथंच. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा बाईंनी डबा उघडून निम्मा मुलीपुढे ठेवला. चारच्या सुमाराला साहेबांनी कागद ओढला, सही केली आणि हप्ता सुटला.

पुढं काम लांबलं, कंत्राटदार दोनदा पळाला, बाईंनी त्याला दोनदा घरून उठवून आणला. अखेर पूल झाला आणि तिसरा फोटो काढायला, गुडघ्यासकट, बाई स्वतः गेल्या. मुलगी दप्तर घेऊन आली. तिनं आठवीत नाव घातलं होतं, वर्गात सगळ्यांत उंच तीच होती.

"तिथंच उभी राहा," बाई जुन्या सवयीनं म्हणाल्या. "आणि चपला हातात धर, तशीच."

"आता कशाला काढू?" मुलगी म्हणाली. "पूल आहे ना, बाई."

बाईंनी तसाच फोटो काढला. चपला हातात का नाहीत, असा शेरा वरून येणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. मुलगी शाळेच्या घंटेला घाईघाईनं पलीकडे निघून गेली आणि बाई कठड्याला धरून, तिच्या चपला पुलावर वाजत होत्या तोवर ऐकत उभ्या राहिल्या.