मुख्य तारेला खेटून

माझ्या मुलीचं हृदय मधेच धावत सुटायचं. लहान होती तेव्हा ती खेळता खेळता थांबायची, छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "आई, आत मासोळी उडतेय." मी तिला जवळ घेऊन कान लावायचे. ठोके इतके भराभर पडत असायचे की एकातून दुसरा वेगळा काढता यायचा नाही. मग तिने स्वतःच एक उपाय शोधला. उकिडवं बसायचं, श्वास कोंडायचा आणि पोटावर जोर द्यायचा. बहुतेक वेळा ठोके झटकन जागेवर यायचे आणि ती उठून पुन्हा खेळायला पळायची. गावच्या डॉक्टरांना दाखवलं, पण तिथे पोहोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं. ते म्हणायचे, वाढत्या वयात होतं असं.

आमचं गाव उलव्याजवळ होतं. विमानतळासाठी जमीन गेली तेव्हा आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये आलो. नवरा उरणच्या बंदरात क्रेनवर होता, मी घराखालच्या गाळ्यात शिलाईकाम करायचे. गाव उठलं तरी गावाचा मुलींचा कबड्डी संघ काही मोडला नाही. पोरी कुठून कुठून रिक्षाने, स्कूटीवर संध्याकाळी सरावाला जमायच्या. त्यांच्या जर्सीवरचे नंबर मी शिवून द्यायचे. माझी मुलगी चढाईला जायची. अंगाने किडकिडीत, पण समोरच्या कोपऱ्यातली पोर हात टाकेपर्यंत ही तिच्या बगलेखालून निघून मध्यरेषेवर आलेली असायची. जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती. कबड्डीच्या जोरावर पोलीस भरतीत लागायचं, हे तिने कॉलेजच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

चिरनेरच्या मैदानावर ती पडली. चढाई करून परत आली, गुण मिळवून आली, आणि आपल्या अंगणात येऊन उभी असतानाच गुडघ्यातून खाली गेली. मी बाकड्यावर बसले होते. आधी वाटलं पाय मुरगळला. जवळ गेले तर ओठ निळसर झालेले आणि डोळे अर्धे उघडे. तिच्या मैत्रिणी तिला उचलून गाडीकडे पळाल्या. उरणच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती शुद्धीवर आली होती, पण ठोके तसेच वेडेवाकडे पडत होते. तिथे पहिल्यांदा ते चालू असताना त्यांचा ईसीजी निघाला. थोड्या वेळाने ठोके आपोआप जागेवर आले, तरी तो बघून तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला लगेच पुढे पाठवलं.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते हृदयाच्या ठोक्यांचंच काम करायचे. मध्यमवयीन, हळू बोलणारे. त्यांच्या टेबलावर हृदयाचा प्लास्टिकचा नमुना होता. तो त्यांनी मधून उघडला आणि माझ्या मुलीसमोर ठेवला.

"वरचे दोन कप्पे, खालचे दोन," ते म्हणाले. "मधे हे झडपांचं कडं. या कड्यातून वीज जात नाही. वरची वीज खाली जायला एकच वाट आहे, इथे, मधल्या पडद्यात. इथे एक छोटी गाठ असते. वीज तिथे जराशी थबकते आणि मग या बारीक तारेतून खाली उतरते. तुझ्या कड्यात जन्मापासून स्नायूचा आणखी एक धागा राहून गेलाय. वीज मुख्य तारेने खाली जाते, या धाग्याने परत वर येते आणि गोल गोल फिरत बसते. ती तुझी मासोळी."

मुलगी हसली. मासोळीचं तिनेच त्यांना सांगितलं होतं.

"आणि चिरनेरला काय झालं?" मी विचारलं.

"त्या दिवशी वरचे कप्पे नुसते थरथरत होते. मधली गाठ अशी थरथर अडवते, थोडीच खाली सोडते. हा धागा काहीच अडवत नाही. सगळं तसंच खाली गेलं. तेव्हा आपोआप थांबलं हे नशीब. पुढच्या वेळी थांबेलच असं मला सांगता येणार नाही."

नवरा म्हणाला, "मग तो धागा तोडून टाका ना."

"तोडता येतो. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची आणि तिच्या टोकाने तेवढी जागा भाजायची. धागा कड्याच्या बाहेरच्या बाजूला असता तर मी निर्धास्त सांगितलं असतं. पण ईसीजीवरून वाटतंय, तो मधल्या पडद्याजवळ आहे. आत गेल्यावरच नक्की कळेल."

आत गेल्यावर ते नक्की कळलं. धागा मुख्य तारेला खेटून होता. डॉक्टर हिरव्या कपड्यांतच बाहेर आले आणि म्हणाले, "मी भाजलं नाही. तिथे गारवा देऊन ती जागा गोठवली. गारव्याचा फायदा असा की मुख्य तारेला धक्का बसतोय असं दिसलं की थांबता येतं, आणि बहुतेक वेळा तार पूर्ववत होते. धागा आता बंद आहे. पण गोठवलेली जागा कधी कधी पुन्हा जागी होते. बघू."

पुढचे काही महिने आमच्या घरात फार आनंदाचे गेले. ती पुन्हा मैदानात उतरली. पहाटे आमच्याच रस्त्यावर भरतीसाठी धावायला जायची आणि घामाने निथळत येऊन ओट्याशी उभी राहून दूध प्यायची. सासूबाई गावाकडच्या नातेवाइकांना फोन करून सांगायच्या, "पोर बरी हाय. आता काय नाय तिला."

मग एक दिवस गाळ्यात माझ्या मशीनशेजारी बसून ती काजं करत होती. सुई थांबली. मी बघितलं, तर ती खाली उकिडवी बसून श्वास कोंडत होती.

डॉक्टरांनी या वेळी तिला एकटीलाच समोर बसवलं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक, गोळ्या. त्या घ्यायच्या, मधूनमधून तपासायचं, आणि खेळ बंद. जोर पडला की धोका. दुसरा, तो धागा भाजायचा; पुन्हा गोठवला तर पुन्हा जागा होण्याची भीती आहे. जमलं तर तू खेळायला मोकळी. पण भाजताना मुख्य तार गेली तर ती परत येत नाही. मग पेसमेकर बसवावा लागेल, कायमचा."

"पेसमेकर बसवून कबड्डी खेळता येते?"

"नाही. छातीवर आपटलं, पेसमेकरची तार सरकली, तर तुझ्यासाठी ते फार धोक्याचं होईल."

ती म्हणाली, "गोळ्या घेतल्या तरी खेळ गेला. पेसमेकर बसला तरी गेला. मग भाजूनच बघा ना."

घरी आल्यावर नवरा तिला म्हणाला, "बाळा, गोळ्यांवर राहू. पोलीस नाही झालीस तर काय बिघडतंय? जीव तर सलामत राहील." ती म्हणाली, "पप्पा, मला एकदा बघू द्या." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होते. आम्ही दोघंही तिला पुढे काही बोललो नाही.

भाजताना ती जागी होती. गुंगी दिली होती, पण बोलणं ऐकू येत होतं. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता जागेवर आहे, हलू नकोस. छातीत थोडं जळल्यासारखं झालं. कुणीतरी म्हणालं, धागा गेला. खोलीत सगळ्यांना बरं वाटलं, तिला ते आवाजावरून कळलं. आणि लगेच डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "बंद, बंद करा." डोकं हलकं झालं, छत लांब जायला लागलं. मग आतल्या दुसऱ्या नळीतून मशीनचे ठोके सुरू झाले आणि छत परत जवळ आलं.

ते वाट बघत राहिले. सूज असेल तर उतरेल आणि तार जागी होईल, अशी आशा होती. दुसऱ्या दिवशीही आमची तीच आशा होती. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे, मशीन जरा हळू करून बघायचे आणि परत पूर्ववत करायचे. शेवटी ते तिच्या पलंगाच्या कडेवर बसले.

"धागा गेला," ते म्हणाले. "पण मुख्य तारही गेली. मला फार वाईट वाटतंय."

ती म्हणाली, "तुम्ही आधी सांगितलं होतं." एवढंच. त्यांनी तिच्या पायावर हात ठेवला. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले. नवरा तिथे आधीच उभा होता, खिडकीकडे तोंड करून.

पेसमेकर डाव्या कॉलरबोनखाली बसवला. टाके सुकले तरी कपड्याचा पट्टा तिथेच घासायचा. मी तिच्या सगळ्या कपड्यांचे पट्टे उसवून बाहेरच्या बाजूला सरकवले, आतून मऊ सुती कापड लावलं. मला करता येण्यासारखं तेवढंच होतं. ती घालून बघायची आणि म्हणायची, "आता नाही लागत." सुरुवातीला डावा हात वर उचलायचा नव्हता. तिची वेणीही मीच घालायचे. वेणी घालताना ती आरशात माझ्याकडे बघायची नाही, आणि मीही तिच्याकडे बघायचे नाही.

मैत्रिणी यायच्या, सामन्यांचं सोडून बाकी सगळं बोलायच्या. त्यांच्या जर्सी शिवायच्या होत्या. मी म्हटलं, दुसरीकडे द्या. तिने ते आतून ऐकलं आणि बाहेर येऊन कापड ठेवून घेतलं. नंबर तिनेच कापले. तिचा नंबर दुसऱ्या मुलीला दिला होता. तोही तिनेच कापला, कोपरे नीट गोल केले आणि माझ्या हातात दिला. त्या रात्री जेवली नाही.

पहिल्या मोठ्या तपासणीला मी तिच्याबरोबर आत गेले. डॉक्टर म्हणाले, "मशीन अगदी कमी करून बघणार आहे. खाली तुझं स्वतःचं काही चालतं का, ते बघायला. गरगरलं तर सांग."

पडद्यावरच्या रेषेतले ठोके विरळ होत गेले. मग मशीनचा ठोका थांबला आणि रेषा सपाट धावत राहिली. मी तिचा हात धरला होता. बऱ्याच वेळाने एक रुंद, बेढब लाट आली. मग पुन्हा सपाट. मग आणखी एक.

"हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"हे तुझे. वरून निरोप आला नाही की खालचे कप्पे आपले आपण असे ठोके देतात. फार हळू. यावर जगता येणार नाही, पण आहेत."

"थांबा जरा. अजून थोडे बघू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता, तरी नजर पडद्यावरून हलत नव्हती. आणखी एक ठोका येईपर्यंत ते थांबले आणि मग त्यांनी मशीन वाढवलं.

परत येताना पनवेलच्या पुलाखाली आमची रिक्षा अडकली. ती म्हणाली, "आई, माझं चुकलं का गं?"

"नाही."

"तुला तेव्हा काय वाटत होतं? खरं सांग."

"गोळ्या घ्याव्यात असं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं हृदय होतं, बाळा."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दवाखान्यात नाही, घरी नाही, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. रिक्षावाल्याने आरसा वर फिरवून घेतला. आता ती कॉमर्सचं शेवटचं वर्ष करतेय आणि एका सीएच्या ऑफिसात अर्धा दिवस जाते. भरतीचे बूट अजून पलंगाखाली आहेत. केर काढताना मी ते बाहेर काढते, खालचं झाडते आणि परत तिथेच ठेवते.