बंदरावरचं रडणं

बा मुंबईत आला तो जीव वाचवायला, पण सांगायचा असं की समुद्र बघायला आलोय. ते रझाकारांच्या धुमाकुळाचं साल होतं. आमच्या डोंगरकडा गावाकडून येणारा माणूस काहीतरी वाईटच सांगायचा. आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या झोपड्या जळाल्यावर पोरांनी म्हाताऱ्याला कसंबसं निजामाच्या हद्दीबाहेर काढलं आणि माझ्या खोलीवर आणून सोडलं. मी तेव्हा गोदीत पाठीवर पोती वाहायचो. बाला त्यात काही कमीपणा वाटला नाही. आपल्या बापजाद्यांनी कोकणातून घाट चढून बैलांच्या पाठीवर मीठ आणलं, आता बैलाच्या जागी आपला पोरगा आहे, असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. कौतुक करायचं आणि टोचायचं, या दोन गोष्टी त्याने कधी वेगळ्या ठेवल्याच नाहीत.

तो तांड्याचा नायक होता. त्याच्या शब्दापुढे कोणी जायचं नाही, आणि तोही स्वतःच्या शब्दापुढे जायचा नाही. माझी थोरली बहीण वारंगा फाट्यावर मोळ्या विकायची. तिथे मोटारीवरच्या एका क्लीनरशी तिचं जुळलं. तो आमच्यातला नव्हता. दोघं पळून मुंबईला आली. बाने तांडा गोळा केला, तिच्या नावाने मडकं फोडलं आणि ती मेली असं सांगून सगळ्यांना तेराव्याचं जेवण घातलं. मीही जेवलो. भूक लागली होती.

पुढे मी मुंबईला आलो तेव्हा मला खोली या बहिणीनेच मिळवून दिली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची. बा आल्याचं कळल्यावरही ती माझ्या दारात आली नाही. नळावर मला गाठलं आणि म्हणाली, "भाऊ, एकडाव त्याचा हात माझ्या डोस्क्यावर पडू दे. मंग म्या काई मागत न्हाई."

"तो ठेवणार न्हाई."

"काहून ठेवणार न्हाई? म्या सूर लावला की ठेवंलच की."

आमच्यात रीत आहे. बाई माहेरच्या माणसाला बऱ्याच दिवसांनी भेटली की त्याच्या गळ्यात पडून सूर लावून रडते. नुसतं रडणं नसतं ते, गाणंच असतं, सुचतील तसे शब्द जुळवत जायचे. त्यात ती वाटेल ते बोलू शकते, गाऱ्हाणी मांडू शकते, शिव्यासुद्धा देऊ शकते. ऐकणाऱ्याने रागवायचं नसतं. त्याने डोक्यावर हात ठेवून "रडू नको" म्हटलं की तिने थांबायचं. हात पडेपर्यंत मात्र थांबायचं नाही. ज्याने हात ठेवला त्याची ती लेक. कोणी हात ठेवलाच नाही, असं मी तरी पाहिलं नव्हतं. दुष्टातला दुष्ट भाऊसुद्धा कान किटले की ठेवतोच.

तिची दोन लेकरं गेली होती. एक पोटातच, एक जन्मल्यावर आठवड्याच्या आत. आता तिसऱ्यांदा दिवस होते आणि पोट पुढे आलं होतं. जित्या बाईचं तेरावं घातलं, म्हणून मेलेलीच्या पोटी काही टिकत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. बाने हात ठेवला की ती पुन्हा जिती होणार होती. मी तिला वेडी म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि परत विचारलं, "रविवारी नेतोस का त्याला समुद्रावर?"

रविवारी दुपार कलल्यावर मी बाला अपोलो बंदरावर नेलं. गोरे तिथूनच जहाजात बसून गेले त्याला थोडेच महिने झाले होते. बाने तो मोठा दगडी दरवाजा काठी टेकत सगळीकडून पाहिला. "एवढा मोठा दरवाजा अन् दार न्हाई," तो म्हणाला. "चोर कवाबी आत येईल."

"आले होते, आत्ताच गेले," मी म्हटलं.

तो हसला नाही. पायऱ्या उतरून खाली गेला, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकला आणि वर येऊन म्हणाला, "खारट हाय. बराबर." पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला कोणी फसवलं नाही याची खात्री करून घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मग आम्ही बागेत एका बाकावर बसलो. समोर पाण्यावर होड्या हलत होत्या. कठड्यावर ओळीने माणसं बसली होती, शेठ लोकांची बायकामुलं चणे खात हिंडत होती, बाजूच्या मोठ्या हॉटेलातून एक मडम कुत्रं घेऊन आली होती. बाला कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आवडला.

तेवढ्यात बहीण आली. एरवी ती मुंबईच्या बायकांसारखं लुगडं नेसायची. त्या दिवशी तिने पेटीच्या तळातून तांड्यावरचा पोशाख काढला होता, आरशांचा घागरा आणि चोळी. चोळी आता तिला होत नव्हती, वरून ओढणी ओढून घेतली होती. ऊन आरशांवर पडत होतं आणि ती येईपर्यंत निम्मी बाग तिच्याकडे बघायला लागली होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही. सरळ येऊन बाच्या गुडघ्यांशी बसली, त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सूर लावला.

आवाज तिचा पहिल्यापासून मोठा. बाने एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे तोंड केलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसला.

ती आमच्या बंजारा बोलीत गात होती. तुझा ढवळा बैल मेला तवा तू दोन दिस जेवला न्हाईस, बा. म्या तर जिती व्हते, माझ्या तेराव्याचं जेवण तुला गेलं कसं. तुझ्या बैलाच्या गळ्यात म्या घुंगरू बांधले, बा, आता बांधायला माझ्या मांडीवर लेकरू न्हाई. असं एकामागून एक. ओळ संपली की ती डोकं त्याच्या मांडीवर टेकायची आणि क्षणभर वाट बघायची. हात पडायचा नाही. मग पुढची ओळ.

माणसं जमायला लागली. त्यांना बोली कळत नव्हती. आरशांचा घागरा, सूर, समोर पागोट्यातला म्हातारा आणि शेजारी मी, त्यांना वाटलं खेळ आहे. एका बाईने लहान मुलीच्या हातात पैसा दिला. मुलीने तो बहिणीच्या पसरलेल्या घागऱ्यावर टाकला आणि लाजून मागे पळाली. मग आणखी दोघातिघांनी टाकले. कोणीतरी म्हणालं, "गला अच्छा है." मी उठून लोकांना हाकलायला लागलो तर एकाने मला विचारलं, ढोलकी का नाही वाजवत. त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. तेवढ्यासाठी पोलीस आले असते आणि तिचं राहिलं असतं, म्हणून परत बाच्या शेजारी येऊन बसलो.

तिचा आवाज फाटायला लागला. घसा बसला तरी ती थांबत नव्हती. थांबायचा तिला हक्कच नव्हता. मी बाच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "बा, ठेव की रं हात. पोटुशी हाय ती."

"कोन?" तो म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने उजवा हात मांडीखालून काढला. तिला ते जाणवलं असावं, कारण ती ओळीच्या मध्येच थबकली आणि तिने मान आणखी खाली घातली. त्याचा हात कनवटीला गेला. तिथून वर आला, तिच्या डोक्यावर आला, आणि तिथे मुठीतून एक नाणं सुटलं. ते तिच्या केसांवर पडून घरंगळलं आणि बाकीच्या पैशांत जाऊन मिसळलं. लोक खूष झाले. कोणीतरी टाळी वाजवली.

बहीण थांबली. हात न पडता थांबलेली बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिने ओढणीने नाक पुसलं, घागऱ्यावरचे पैसे गोळा केले, गुडघ्यावर हात टेकून जड अंगाने उठली आणि थेट शेंगावाल्याकडे गेली. मला तिची कीव आली नाही. बाचा मात्र संताप आला. शेंगावाल्याने पुडी बांधून दिली, पैसे घेतले आणि त्यातलं एक नाणं तिला परत दिलं. "ये इधर नहीं चलता, बाई. निजाम का है." बाच्या कनवटीला तसले निजामाचे हाली शिक्केच होते. मुंबईत ते चालत नाहीत हे मी त्याला आल्या दिवशीच सांगितलं होतं.

ती शेंगा खात परत आली. नाणं बाच्या शेजारी बाकावर ठेवलं आणि परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "बाबा, तुमचं हे चालंना गेलंय. राहू द्या तुमाला."

मग ती गेली. आरसे गर्दीत बराच वेळ दिसत होते.

बाने नाणं उचललं, बाकाच्या दगडावर वाजवून पाहिलं आणि पुन्हा कनवटीला लावलं.