राजाचा मुकुट आणि पोह्यांचा दोना

आमच्या मंडळाच्या निवडणुकीत उमेदवाराचं भाषण नंतर होतं, आधी त्याचे पोहे होतात. निवडणुकीच्या आदल्या रविवारी, सभागृहासमोरच्या ठेल्यावर, उमेदवारानं सगळ्या सभासदांसोबत उभं राहून खायचं आणि आम्ही बघायचं. शेव किती घेतो, जिरावन मसाला मागून घेतो की नाही, जिलेबी पोह्यांसोबत खातो की नंतर. इंदूरच्या मराठी माणसाला दुसरी परीक्षा माहीत नाही. जाहीरनामा वगैरे वाचणारे लोक महाराष्ट्रात असतील.

गेल्या खेपेला अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार होते. एक होत्या पुलांच्या बाई. नोकरीच्या निमित्तानं नागपूरकडून इथे आल्या आणि पूल बांधत बांधत रिटायर झाल्या. इतक्या हुशार की पावसाळ्यात नर्मदा त्यांना विचारून चढायची म्हणतात. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. पण लोकांना मीच सांगितलं होतं. दुसरा आमचा भिया, इंदुरी बोलीतला भैया. पन्नाशीचा, पोलोग्राउंडला छोटं वर्कशॉप, आणि पूर्ण भंवरकुआं मोहल्ला त्याच्या ओळखीचा. कोणाकडे मयत झाली की हा माणूस खांदा द्यायला हजर. एका काकांकडे तर ते जायच्या आधीच पोचला होता. काका पलंगावर उठून बसले आणि यालाच चहा करून पाजला.

त्या रविवारी बाईंनी पानाच्या दोन्यात पोहे घेतले, शेव नको म्हणाल्या, चमचा रुमालानं पुसला आणि सगळा वेळ रस्त्यापलीकडे आमच्या सभागृहाच्या छपराकडे बघत राहिल्या. छपरानं भीतीनं श्वास रोखून धरला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भिया आला तो सरळ माझ्या खांद्यावर हात टाकून.

"काका, तुमच्या दोन्यात कांदा जास्ती आहे. आपल्याला टाकलाच नाही त्यानं!"

आणि माझ्या दोन्यात हात घालून कांदा उचलला. माझ्या दोन्यातून! सख्ख्या भावानं कधी घेतला नसेल असा. मी सगळ्यांकडे असं बघितलं जशी मला पद्मश्री मिळाली.

"या वर्षी राजा कोण होतोय नाटकात?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत. मी आपला भालदार."

"भालदार? तुम्ही? क्या बात कर रिये हो काका! या गणपतीत राजा तुम्ही. आपण बैठे हैं ना."

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या सभागृहातल्या रंगमंचावर मी आईच्या पोटात असताना पहिल्यांदा गेलो. आई तेव्हा दासी होती. नंतर दर गणेशोत्सवात मी तिथे उभा. भालदार, चोपदार, दुसरा सैनिक, तिसरा सैनिक, एकदा झाड. माझ्यासारखं झाड माळव्यात झालं नाही, चिमण्या येऊन बसत होत्या. पण वाक्य मिळालं तर एकच, "महाराजांचा विजय असो." जन्मभर दुसऱ्यांचा विजय असो म्हटलं. घरी पोरं हिंदीत बोलतात, ऑफिस इंग्रजीत गेलं, मराठी जेवढी उरली ती त्या फळ्यांवर उरली. आणि आता कोणी म्हणतोय, राजा तुम्ही. मी त्याच्या प्रचाराला लागलो. नाही लागलो तर माणूस कसला?

संध्याकाळी भाषणं झाली. बाई उभ्या राहिल्या आणि ना नमस्कार, ना विचारपूस.

"रंगमंचावरचं छप्पर मोडकळीला आलंय. मी निवडून आले तर सभागृहाला कुलूप लावीन आणि आधी ते काम करीन. दोन गणेशोत्सव नाटक होणार नाही. त्यानंतर तुमची नातवंडंसुद्धा तिथे नाटकं करतील."

 तेवढ्यात रंगमंचावर ठेवलेल्या बादलीत वरून टप्पकन थेंब पडला. ही बादली आमच्या प्रत्येक नाटकात असते, दरबार असो की अरण्य. मागून एक काकू बोलल्या, "म्हणजे बाई कुलूप लावायला मतं मागून राहिल्या?" सगळं सभागृह हसलं.

मग भिया. "छप्पर? अहो, छप्पर तर माझ्या घरचं पण गळतं! तुमचं नाही गळत का काका? आपण गळक्या घरातली माणसं आहोत. आपल्याला भाषण नको, आपला माणूस पाहिजे!"

टाळ्या अशा पडल्या की बादलीत आणखी चार थेंब आले.

भिया निवडून आला. मला खरंच राजा केलं. मी संवाद पाठ केले, घरात चालणं बदललं. चहा मागताना मी टाळी वाजवायचो. बायको म्हणायची, "महाराज, सिलिंडर संपलाय, राज्यातून मागवा." मुकुट मी स्वतः शिवाजी मार्केटकडून आणला, आणि स्कूटरवर डोक्यात घालूनच आणला, कारण हातात धरला तर दबला असता. सिग्नलला एक पोलीस म्हणाला, "हेलमेट?" मी म्हटलं, "राज्यारोहण आहे." त्यानं सॅल्यूट केला. हे कोणी मानत नाही.

मग भियानं सर्वसाधारण सभा ठेवली, सिमरोलच्या बाजूला कोणाच्या तरी शेतावर. दाल-बाफले. ज्यांनी माळव्यातले बाफले खाल्ले नाहीत त्यांना सांगतो: कणकेचे गोळे आधी उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात, आणि त्यानंतर माणसाला बुडवतात. नियम असा की सभा आधी, जेवण नंतर. भिया म्हणाला, "अरे, उपाशीपोटी कसली सभा? आपली माणसं आहेत." आम्हाला गहिवरून आलं. जेवण झालं, आंब्याखाली सतरंज्या पडल्या, अर्ध्या मंडळाचे डोळे मिटले, आणि भियानं हळूच विचारलं, "सभागृहाचं थोडं काम काढायचं आहे, अध्यक्षांनी बघून घ्यावं. मंजूर?"

"मंजूर," सतरंज्यांवरून आवाज आले. दोन काका घोरता घोरता अनुमोदक झाले. मी हात वर केला नाही. हात जागेवरून हलत नव्हता. पण तोंडातून काय निघालं ते तूप जाणे.

गणेशोत्सव तोंडावर आला. मी मुकुट घेऊन तालमीला गेलो तर दाराला नवीन काच. वर दोन माणसं बोर्ड चढवत होती, कोचिंगचा. आत खुर्च्या गेल्या होत्या, बाकं आली होती. आमच्या रंगमंचावर, बरोबर सिंहासनाच्या जागी, पांढरा बोर्ड. आमचा पडदा बाहेर पायरीवर घडी न घालता टाकलेला, आणि त्यावर एक कुत्रं झोपलं होतं.

मी भियाला ठेल्यावर गाठला.

"हे काय केलंस?"

"तुमच्यासाठीच तर केलं काका! छप्पर ते लोक नीट करून राहिलेत. मंडळाला एक पैसा खर्च नाही. किरायानं दिलं, विकलं थोडी!"

"आणि नाटक?"

"करू ना. कुठे पण करू. मंगल कार्यालय बघू कोणाचं."

"तू मला राजा म्हणाला होतास!"

तो हसला. वाईट हसला असता तर बरं वाटलं असतं. तो प्रेमानं हसला. "काका, खरं सांगा. मागच्या वर्षी तुमचा मुलगा आला होता नाटक बघायला? माझा पण नव्हता आला. कोचिंगला दोघांचे जातात. मी कधी बोललो का, मी कोणी मोठा आहे म्हणून? मी तुमच्यासारखाच आहे."

तेच तर! घरातली वीज गेली तर मी माझ्यासारखा माणूस बोलावत नाही. माझ्यासारखा एक आधीच घरात असतो, आणि फ्यूज त्यानंच उडवलेला असतो. मंडळासाठी मात्र मी आरसा निवडून आणला, आणि आता आरशानं माझं सिंहासन किरायानं दिलं. पण आरशाला मी कांदा दिला होता. माझ्या हातानं प्रचार केला होता. परका लुबाडतो तेव्हा माणूस ओरडू शकतो. हा तर काका काका करत घेऊन गेला.

शेवटी मी पुलांच्या बाईंकडे गेलो. त्यांनी पाणी दिलं, हालहवाल विचारली नाही.

"काही करता येईल का?"

"ठराव सभेत मंजूर झालाय. तुम्ही होतात तिथे."

मला राग आला. "तुम्ही तरी काय करणार होतात? कुलूपच लावणार होतात ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "पण किल्ली मंडळाकडे राहिली असती."

एवढंच. सांत्वन नाही, बिस्किट नाही. या बाईंनी मला जन्मात राजा केलं नसतं. बहुधा माझं नावही त्यांना ठाऊक नाही. पण भालदाराला उभं राहायला फळ्या ठेवल्या असत्या, आणि आता मला तेवढ्याच हव्या आहेत.

त्या वर्षी नाटक झालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. बाई उभ्या नाहीत. कोणी विचारायलाच गेलं नाही. मी दोघा-तिघांना म्हटलं, चला, जाऊन विनंती करू. ते म्हणाले, "सोडा काका, त्या आपल्यातल्या वाटत नाहीत."

रविवारी ठेल्यावर भिया आला. "भिया राम!" करत सगळ्यांच्या गळ्यात पडला. रस्त्यापलीकडून, माझ्या रंगमंचावरून, माइकवर कोणी सर विचारत होते, "समझ में आया?" आणि पोरं एका सुरात, "यस सर!" छप्पर छान झालंय, खोटं कशाला बोलू. एक थेंब पडत नाही.

"काका, तुमच्या दोन्यात कांदा जास्ती दिसतोय!"

मी दोना छातीशी ओढला. त्याचा हात क्षणभर हवेत राहिला. मग तसाच पुढे सरकला आणि माझ्या शेजारच्या काकांच्या दोन्यात गेला. ते बिचारे आमच्या सगळ्या नाटकांत दुसरा सैनिक. त्यांनी मान वर केली, सगळ्यांकडे बघितलं, आणि असे खुलले की मला त्यांच्याकडे बघवेना.

"दादा," भिया त्यांना म्हणाला, "या वर्षी राजा कोण होतोय?"