बाबा इंग्लंडात बसायला गेले

बाबांना जाऊन आज वर्ष झालं. माणूस देव होता वगैरे मी लिहिणार नाही.
इंग्लंडमध्ये त्यांनी मला जेवढं लाजवलं, तेवढं कुणीच नाही.

तीन वर्षांपूर्वी आसगावची धानाची शेती माझ्या भावावर सोडून ते माझ्याकडे आले. चौथ्याच दिवशी फ्लॅटमध्ये कंटाळले.
मग त्यांना एक जुनं गाव दाखवायला नेलं. बारा घरं, शेकडो वर्षांचं चर्च, एक तळं. कोण्या राजाची फौज इथे मुक्कामाला होती, असा बोर्ड.

मी बोर्ड वाचून मराठीत सांगत होते. बाबांचं लक्ष बंद दारांकडे. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

त्यांनी माकडटोपी काढली. हळूच म्हणाले,
"बाई, इथं कोणाची मयत झाली वं. सारं गाव मातीले गेलं दिसते."

मी सांगितलं, इकडे गावं अशीच असतात. पटलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारी कुत्रा घेऊन बाहेर आली. बाबा सरळ हात जोडून तिच्यापुढे उभे.
मग मला बोलावंच लागलं. सॉरी सॉरी करत म्हटलं, वडिलांना वाटतंय गावात कुणी वारलंय.

ती हसली. बराच वेळ हसली.
मग म्हणाली, हो, आठ महिने झाले. माझा नवरा.

"पाह्य, मी म्हणलो व्हतो ना," बाबा म्हणाले, आणि तिच्या पायरीवर जाऊन बसले. आपल्याकडे दुःखाच्या घरी बसायला जातात, तसे.

मी उठवायला गेले, तर म्हणे दारातून असंच परतू नये.
थोड्या वेळाने तीही शेजारी बसली. कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात.

आजार काय होता, शेती किती, पोरं येतात का, एवढं मी ट्रान्सलेट केलं. पुढे बाबा आमच्या झाडीबोलीत, ती इंग्रजीत. मला कुणी विचारेना. कुत्र्याने माझा स्कार्फ खाल्ला.
नवऱ्याचे फोटो आले. बिनसाखरेचा चहा आला. बाबांनी तोंड वाकडं न करता प्यायला.

निघताना ती मला म्हणाली, तुझ्या वडिलांचं एक अक्षर कळलं नाही. पण माझ्या नवऱ्याबद्दल इतकं कुणी विचारलंच नव्हतं.

गाडीत मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी माकडटोपी परत चढवली.
"आसगावात असती तं लोकायनं विचारू विचारू बेजार केलं असतं तिले."

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा तेरा दिवस आसगावच्या अंगणात माणसं मावत नव्हती. कसं झालं, हे सांगून सांगून माझा घसा बसला.
बरं वाटलं.

तुमच्या लेकीचा नमस्कार.